साडूभाऊंच्या बेसची जाड तार

आवाजावर संशय घेण्यात माझ्या साडूंचा हात धरणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात झाला नाही, हे मी आजवर असंख्य बैठकांत छातीठोकपणे सांगितलं आहे आणि त्यांचे किस्से रंगवून लोकांना पोट धरून हसवलं आहे. फक्त बेस गिटारचा किस्सा निघाला, की मी दर वेळी मध्येच चहा मागवत आलो. लोकांना वाटायचं, म्हातारा रंगात आला. खरं म्हणजे पुढचं सांगायची हिंमत नव्हती. आज चहा मागवणार नाही.

साडू झरीचे. शेती कापूस-सोयाबीनची, आणि जीव परभणीतल्या एका ऑर्केस्ट्रात. लग्न असो, जयंती असो, स्टेजवर सर्वांत मागे उभे राहून ते बेस गिटार वाजवायचे, तेही डोक्यावरची टोपी खिशात ठेवून, कारण टोपीखाली आवाज दबतो असा त्यांचा सिद्धांत होता. बेस कुणाला ऐकू येत नाही, असं मी एकदा म्हणालो तर म्हणाले, "साडू, तो कानाला न्हाई, पोटाला कळतो. मी वाजवायचा थांबलो की लोक म्हणतेत, आज वरणात मीठ कमी पडलं." किरकिर मात्र त्यांना कुठलीच सोसत नसे. परभणीहून जिंतूरला माझ्याकडे येताना एसटीच्या खिडकीची काच वाजत होती, म्हणून त्यांनी सगळ्या काचा दाबून पाहिल्या, दोषी काच शोधली आणि फटीत स्वतःच्या तिकिटाची घडी खोचली. पुढं तपासनीस चढला. त्यानं तिकीट मागितल्यावर साडू शांतपणे म्हणाले, "खिडकीत हाय. काढलं तर ती पुन्ना बोंबलंल, आन् जबाबदारी तुमची." शेजाऱ्याची बोअरची मोटर जळणार हे ते पाइपाला कान लावून सांगत. एका लग्नाच्या पंगतीत तर त्यांनी जेवण थांबवून नवरीच्या मामाला सांगितलं, "पाव्हणं, तुमची वरची कवळी ढिली हाय. खालचीवर वाजायलीय." कवळी खरोखरच ढिली निघाली. मामानं त्या लग्नात पुन्हा तोंड उघडलं नाही.

एवढ्या संशयी माणसाचा विश्वास जगात एकाच माणसावर होता. परभणीत वाद्यं दुरुस्त करणारा एक मिस्त्री होता. बाजाराच्या दिवशी साडू त्याच्या दुकानात जाऊन बसत, आणि एका चहाचे दोन भाग करून दोघं एकमेकांना मनसोक्त शिव्या देत. मिस्त्री म्हणायचा, "तुझ्या कानात किडे हायेत." साडू म्हणायचे, "आन् तुझ्या हाताला गंज चढलाय." मग दोघं तृप्त होऊन उठायचे. साडूंच्या खालोखाल बेसला लागायचा तो हा गंजका हातच.

त्या दिवशी मी झरीला जेवायला गेलो होतो. साडू मोटर चालू करायला शेतात गेले होते. बाजेवर बेस पहुडली होती, मिस्त्रीकडून आदल्या दिवशीच नव्या तारा चढवून आणलेली. संध्याकाळी ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम होता. मी जन्मभर देवळातल्या भजनात तंबोरा छेडलेला माणूस. सहज जाड तार छेडली, तर ती नुसतीच घुम्म करून बसली. ना झंकार, ना जवारी. आमच्या तंबोऱ्यात तार घोडीला हलकेच घासून गुणगुणते, तेव्हा कुठे सूर जिवंत झाला म्हणतात. त्यासाठी आम्ही घोडी घासतो, तारेखाली दोरा सारतो. मला त्या बिचाऱ्या तारेची दया आली. मानेच्या टोकाशी एक पांढरी पट्टी असते, तिच्या खाचांतून तारा खुंट्यांकडे जातात. मी तार ढिली केली, तंबोऱ्यासाठी पाकिटात ठेवलेला काचपेपर काढला आणि ती खाच मन लावून घासली. तार पुन्हा चढवून छेडली आणि काय सांगू, अशी झणझणली! मी डोळे मिटून ऐकत राहिलो. वाटलं, साडू मिठी मारतील.

साडू आले, हातपाय धुऊन त्यांनी बेस उचलली, मोकळी तार छेडली आणि घरात कुणी गेल्यासारखा चेहरा केला. "हे कोण रडायलंय?" मग तपास सुरू झाला. पंखा बंद. फळीवरच्या ताटल्या खाली. माझ्या मेहुणीला बांगड्यांसकट अंगणात पाठवलं. तार रडतच होती. मग त्यांनी मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांपैकी पहिल्या पडद्यावर बोट दाबून छेडलं, आवाज स्वच्छ. दुसऱ्यावर दाबलं, स्वच्छ. बोट उचललं की किरकिर. "साडू, दाबल्यावर गप आन् सोडल्यावर बोंब. म्हंजी मान सरळ हाय, पडदे बरोबर हायेत. रोग टोकाला हाय." तिसऱ्या पडद्यावर तार दाबून त्यांनी पहिल्या पडद्याशी कागदाचा कपटा सारला. तार पडद्याला टेकलेली, तो शिरेचना. त्यांनी चष्मा पुसून खाच पाहिली. "खोल केलीय. घासलीय कुणीतरी." आणि खालच्या आवाजात म्हणाले, "त्याच्याशिवाय हात कुणाचा लागलाय हिला?"

मी तोंड उघडलं होतं, हे देवाला ठाऊक. पण तेवढ्यात ते म्हणाले, "ज्यानं हे केलं त्याला सुराची अक्कल न्हाई," आणि गावोगाव तंबोऱ्यासाठी बोलावल्या जाणाऱ्या माझ्यातल्या माणसानं ते तोंड मिटवलं.

इलाज त्यांनीच केला. खाचेत खायचा सोडा भरला, वर झटकन चिकटणाऱ्या गोंदाचा थेंब सोडला, दगड झाल्यावर बारीक कानशीनं नवी खाच कोरली. संध्याकाळी बेस आरशासारखी स्वच्छ वाजली. साडूंनी जाब विचारल्यावर मिस्त्रीनं आईची शपथ घेतली, तरी उपयोग झाला नाही. साडू त्याच्या दुकानाची पायरी पुन्हा चढले नाहीत. बाजाराच्या दिवशी दुसऱ्या हॉटेलात पूर्ण चहा घ्यायचे आणि अर्धा तसाच ठेवून उठायचे.

शेवटच्या दुखण्यात मी त्यांच्या उशाशी बसलो होतो. स्वतःहूनच म्हणाले, "त्यानं एकदा म्हणायचं होतं, चुकलं बाबा. म्या कवाच सोडून दिलं असतं. खाचेचं काय, ती तर भरली." मी घसा साफ केला. ते म्हणाले, "थांबा. आधी जाड तार वाजवा." भिंतीला टेकवलेली बेस घेऊन मी ती वाजवली. कुठंही किरकिर नव्हती. ते हसले आणि ऐकता ऐकताच त्यांचा डोळा लागला. झोपमोड कशाला, असं मी स्वतःला सांगितलं. ते पुन्हा नीट जागे झालेच नाहीत.

राख सावडायला मिस्त्री आला होता. सगळ्यांच्या मागे उभा होता, साडू स्टेजवर राहायचे तसा. निघताना माझ्याजवळ आला. "भाऊ, तुमाला तरी पटतंय का? म्या न्हाई घासली ती खाच."

"पटतंय," मी म्हणालो.

त्यानं माझे दोन्ही हात हातात घेतले, काचपेपर धरणारे हेच हात, आणि उपकार झाल्यासारखे बराच वेळ धरून ठेवले. पुढचं वाक्य माझ्या ओठांवर होतं. चुकलं माझं, मिस्त्री, ती खाच मी घासली. त्याची बस आली आणि तो गेला.