रेजिमेंट नावाचं कूळ

पायदळाची रचना मी आयुष्यात शेकडो माणसांना समजावून सांगितली असेल. माझं कामच होतं ते. रेजिमेंटच्या सेंटरला मी कारकून होतो आणि नवीन भरती झालेली पोरं पहिल्यांदा माझ्याच टेबलापुढे येऊन भांबावून उभी राहायची. सगळ्यांना शेवटी कळलं. एका माणसाला मात्र ते माझ्या मनासारखं कधीच कळलं नाही, तो सूर्यमाळच्या एका पाड्यावरचा म्हातारा. त्याच्यापुढे माझी नोकरी, पेन्शन आणि अक्कल तिन्ही फुकट गेली.

आमचं घर जव्हारच्या मुसलमान मोहल्ल्यातलं. पिढ्यान्‌पिढ्या शिवणकाम. त्या मशीनला कंटाळून मी फौजेत गेलो आणि पेन्शन घेऊन परत आलो तो पुन्हा त्याच मशीनवर बसलो. नशीब म्हणतात ते हेच. बांगलादेशच्या लढाईला तेव्हा काही वर्षं उलटली होती. शिंप्याला आमच्याकडे मास्तर म्हणतात. पण फौजेतून आलेला मास्तर म्हणून माझी ख्याती जरा जास्त पसरली, आणि जामसरपासून पार मोखाड्याच्या डोंगरापर्यंत ज्याच्या घरचं कोणी मिलिटरीत असेल तो कापड माझ्याकडे टाकायचा आणि वर दोन तास डोकं खायचा. आमचा पोरगा कुठं आहे, रजा कधी, बदली का होत नाही. जसं काही मी सेनापतीच्या शेजारी बसून उठलो होतो.

त्या उन्हाळ्यात पोशेऱ्याचा एक जवान दुकानात आला. माझ्याच रेजिमेंटचा. त्याच्या बहिणीचं लग्न ठरत होतं, आणि नवरा मुलगा सूर्यमाळचा, तोही आमच्याच रेजिमेंटचा. दोघं सेंटरला एकत्र शिकले, मग वेगवेगळ्या पलटणींत गेले. मागच्या रजेत सूर्यमाळचा पोशेऱ्याला मित्राकडे आला आणि मुलगी बघून गेला. मुलीनेही त्याला बघून ठेवलं होतं. सगळं जमलं होतं, आणि जमलेलं बिघडलं होतं.

"मास्तर, तुमी चला," तो म्हणाला. "तुमच्याबिगर कोणी सांगू नाय शकत."

झालं होतं असं. सुपारीच्या बैठकीत या शहाण्याने छाती काढून सांगितलं की आम्ही दोघं एका रेजिमेंटचे, सख्ख्या भावापेक्षा जवळचे, एका लंगरात जेवतो, एकाच देवाचा जयघोष करून पुढे धावतो. फौजेत सगळेच असं बोलतात. पण नवऱ्याकडून त्याचा चुलत आजा आला होता, तोच तो म्हातारा. त्याने हातातली सुपारी खाली ठेवली. म्हणाला, भाऊ असाल तर याची बहीण ती त्याची बहीण. एका कुळात लग्न होत नाही. उठा.

डोंगरात कूळ म्हणजे कूळ. आडनाव एक असलं तरी चालेल, कूळ एक असून चालत नाही. एका कुळाची माणसं कितीही लांब राहिली तरी भाऊबंद, आणि भाऊबंदांत सोयरीक करणाऱ्याच्या मांडवात कोणी पाणीसुद्धा पीत नाही. हे मला ठाऊक होतं. पण पायदळाच्या रेजिमेंटला कूळ समजून लग्न मोडणारा माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

एरवी मी हसून सोडून दिलं असतं. पण नवऱ्याची रजा संपत आली होती आणि त्याची पलटण वर बर्फात जायची होती. पुढची रजा कधी मिळेल ते देवालाच ठाऊक. मुलीच्या बापाकडे दरीपलीकडचं एक स्थळ सुपारी घेऊन तयार होतं, आणि बाप सांगून बसला होता की या बैठकीत नाही ठरलं तर मुलगी तिकडे देणार. म्हणजे मी बोलण्यात कमी पडलो की त्या पोरीचं आयुष्य दरीपलीकडे. कात्री खाली ठेवली आणि एसटी धरली.

पोशेऱ्याला त्यांच्या अंगणात घोंगड्या अंथरल्या होत्या. म्हातारा मधोमध बसलेला, लंगोटीवर जुना कोट. तो कोट मीच कधीतरी उसवून शिवून दिला होता, त्याची त्याला आठवण नव्हती. दोन्ही जवान खाली मान घालून बसले होते. शत्रूसमोर जाणारी माणसं, पण आज्यासमोर नजर वर करत नव्हती. मुलगी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

मी शांतपणे सुरुवात केली. बाबा, रेजिमेंट म्हणजे कूळ नव्हे, ती सरकारी व्यवस्था आहे. रेजिमेंट म्हणजे एक नाव, आणि त्या नावाखाली पुष्कळ पलटणी. एक पंजाबात, एक आसामात, एक बर्फात. हा एका पलटणीत, तो दुसऱ्या. त्यांची वर्षानुवर्षं गाठही पडत नाही.

"बरोबर," म्हातारा म्हणाला. "कूळ एक, पाडे लय. आमचंही तसंच हाय. मूळ गाव कोणतं?"

"मूळ गाव नसतं, बाबा. सेंटर असतं. तिथे भरतीची पोरं शिकतात, तिथेच सगळ्यांचे कागद राहतात, आणि तिथूनच माणसं पलटणींना पाठवतात."

"म्हंजी मूळ गाव."

 मी दुसऱ्या बाजूने गेलो. म्हटलं, लढाईला रेजिमेंट एकत्र जातच नाही. लढताना एक पलटण एका रेजिमेंटची, दुसरी भलत्याच रेजिमेंटची, अशा पलटणी मिळून ब्रिगेड होते, ब्रिगेडी मिळून डिव्हिजन. एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून मरतात ती डिव्हिजनमधली माणसं. भाऊ म्हणायचं तर त्यांना म्हणा.

"आणि लढाई सरली का?"

"सरली की पलटण दुसऱ्या डिव्हिजनमध्ये जाते."

"मंग ती टोळी," म्हातारा शांतपणे म्हणाला. "ठाण्याकडं गवत कापायला जातो तशी. मुकादम सांगंल त्याच्या संगती काम करायचं. हंगाम सरला, टोळी फुटली. कूळ नाय फुटत. तुझी रेजिमेंट फुटते का?"

सेंटरला आलेला शिकलेला पोरगा हा फरक समजायला महिनाभर घ्यायचा. या माणसाने तो एका दमात पकडला आणि माझ्याच डोक्यात घातला. मी म्हटलं, नाही फुटत. जो जिथे भरती झाला तो पेन्शनपर्यंत तिथलाच.

"बदलून मिळंल का? याला दुसऱ्या रेजिमेंटीत घाला. आमी लगीन लावतो."

"तसं सहजी बदलता येत नाही."

"कुळासारखंच."

अंगणातली माणसं माना डोलवायला लागली. मला राग आला. मी जरा चढ्या आवाजात म्हणालो की बाबा, रक्ताचं नातं काहीच नाही, दोघांचे आईबाप वेगळे, देवक वेगळं, मग बहीणभाऊ कसे होतील? तेव्हा तो पहिल्यांदाच हसला.

"तुमच्यात चुलतबहीण करतात, मास्तर. तुला काय सांगायचं कूळ."

सगळं अंगण हसलं. दोन्ही जवानसुद्धा हसले, माझ्या रेजिमेंटचे भाऊ म्हणवणारे. मला वाटलं उठावं आणि मिळेल त्या गाडीने जव्हार गाठावं. तुमची सुपारी, तुमचं कूळ, तुम्ही आणि तुमचा म्हातारा. पण दारातली पोरगी हसली नव्हती. ती माझ्याकडे एकटक बघत होती, म्हणून बसून राहिलो.

मग म्हाताऱ्याने हसू आवरून विचारलं, "एकच सांग. तुमच्यातला कोणी मेला, दुसऱ्या पलटणीतला, तं बाकीचे काय करतात?"

खोटं बोलायची खरी वेळ तीच होती. काही करत नाहीत म्हटलं असतं तर सुपारी फुटून लग्न ठरलं असतं. पण समोर दोन जवान बसलेले, आणि माझ्या डोळ्यांपुढे सेंटरची ती भिंत आली जिच्यावर नावं कोरलेली आहेत. मी म्हटलं, बातमी आली की सेंटरला त्या दिवशी बँड वाजत नाही. वर्षातून एकदा सगळे त्या नावांपुढे मान खाली घालून उभे राहतात. ज्याचा चेहराही पाहिला नाही त्याच्यासाठीसुद्धा.

"सुतक पाळता," म्हातारा म्हणाला. "मंग वाद कशाला करतोस?"

मी हरलो. मुलीचा बाप उठून पागोटं सारखं करायला लागला. तेवढ्यात ती पोरगी चौकट सोडून अंगणात आली. बैठकीत बायका बोलत नाहीत. तिच्या भावाने हात वर केला, तिने तिकडे बघितलंही नाही.

"बाबा," ती म्हाताऱ्याला म्हणाली, "कूळ बापाकडून पोरांना येतं, का पोराकडून बापाला जातं?"

"बापाकडून येतं."

"माझा बाप कधी भरती झाला? तो नाचणी करतो. भाऊ गेला त्याच्या मनानं, तं रेजिमेंट त्याच्या एकट्याची. त्याची पोरं झाली तं त्यांची. माझी कशी?"

 म्हातारा बराच वेळ जमिनीवर बोटाने रेघा ओढत बसला. वर एक रेघ, खाली दोन.

"खरं हाय," तो म्हणाला. "पाणी उताराला जातं. वर नाय चढत."

"तुमच्या सूर्यमाळला चढतं," पोरगी म्हणाली. "बायांच्या डोक्यावरून. ते मी चढवीन. सुपारी फोडा."

मी इतकी वर्षं फौजेची रचना शिकवली आणि हा सरळ मुद्दा मला सुचला नाही, याचा मला आजही वैताग येतो. सुपारी फुटली. सगळे एकदम बोलायला लागले. मी चपला शोधत होतो तेवढ्यात म्हाताऱ्याने माझ्याकडे बोट केलं.

"तू त्याच रेजिमेंटीतला ना? मंग तू नवऱ्याचा भाऊ. मांडवात आमच्या बाजूनं उभा राहायचं."

मी म्हटलं, बाबा, मी कारकून होतो, बंदूक शिकण्यापुरतीच धरली.

"लंगरात जेवलास ना?"

जेवलो होतो. त्यामुळे लग्नाच्या दिवशी मोखाड्यापर्यंत एसटी आणि पुढे मिळेल ते वाहन, शेवटी पायी, असा सूर्यमाळला पोचलो. झऱ्यावरून दोन-दोन हंडे करून साठवलेल्या पाण्यातून मला पाय धुवायला तांब्या दिला. मी नको म्हटलं तर म्हातारा रागावला, भाऊ असून पाहुण्यासारखं करतोस म्हणून. जवान आठवडाभरात बर्फात गेला आणि पोरगी वर हंडे चढवायला लागली.

तिथून माझा छळ सुरू झाला. पाड्यावर बारसं, निरोप. कोणाचं लग्न, निरोप. बाजाराला आलेला कोणीही दुकानात डोकावून सांगायचा की तुमच्या भावकीतला अमुक मेला, दिवसांना या. माझी बायको म्हणायची, "जा, तुमची भावकी बोलावते." मी प्रत्येक वेळी सांगायचो की अरे, रेजिमेंट म्हणजे कूळ नव्हे, सैन्याची व्यवस्था आहे ती. ते ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, बरं, मग कधी येता? दोनदा गेलो नाही तर म्हातारा स्वतः डोंगर उतरून आला आणि भर बाजारात मला बोलला. कापड घ्यायला आलेली गिऱ्हाइकं काम सोडून ऐकत उभी.

मग एका पावसाळ्यात माझी आई गेली. आम्ही तिला दफन करून घरी आलो. आमच्यात माणूस गेलेल्या घरी तीन दिवस चूल पेटत नाही, शेजारी आणि सोयरे जेवण आणतात. दुसऱ्या दिवशी मी दारात बसलो होतो, तर पाड्यावरची माणसं येताना दिसली. डोक्यावर इरलं, पाय चिखलाने भरलेले. पुढे म्हातारा, आता काठी टेकत. मागे ती पोरगी, कडेवर मूल. जवान सीमेवरच होता.  दारासमोर पाण्यात उभे राहिले.

"आत या," मी म्हटलं.

"पाड्यात कालपासून चूल नाय पेटली," म्हातारा म्हणाला. "भावाची आई गेली."

सवय जात नाही. डोळ्यांत पाणी असतानाही मी वाद घातला. म्हटलं, बाबा, फौजेत तुमचा नातू आहे. तुम्ही कोणी कधी भरती झाला नाहीत. कूळ वर चढत नाही असं तुम्हीच ठरवलंत.

"लग्नाला नाय चढत," तो म्हणाला. "सुतकाला चढतं."

आतून माझे मामा आले. ठाण्याहून आलेले, इकडचं कोणी ओळखत नव्हते. त्यांनी हळूच विचारलं, हे लोक कोण, कपड्यांचं काही राहिलंय का त्यांचं?

मी सांगायला तोंड उघडलं. रेजिमेंट, पलटण, सेंटर, सगळं जिभेवर आलं. पण म्हणालो, "घरचे आहेत." मग शेजारच्यांनी आणलेली जेवणाची डेग आत घेतली आणि त्यांना आमच्याच रांगेत जेवायला बसवलं.