मधली धूळ

माझ्या मामाला कारखान्यात सगळे पारा म्हणत. एक तर त्याचा पारा कधी चढेल याचा नेम नसे. दुसरं म्हणजे भट्टी किती तापलीय हे तो नुसत्या नजरेने सांगे. पोलादाचे सुटे भाग तापवायचे, तेलात बुडवून कडक करायचे, एवढंच काम. मामाने त्यात तेहतीस वर्षं काढली. भट्टीच्या दाराला बटणाएवढं भोक होतं. त्यातून डोकावून तो रंग सांगे. बीट म्हणजे सातशे अंश, पिकलेला टोमॅटो आठशे, गाजर नऊशे. ऐकणाऱ्याला वाटावं, माणूस भाजी आणायला निघालाय.

भट्टीला मीटरही होता. एकदा मीटर चुकला आणि मामा बरोबर निघाला; त्यानंतर मीटरकडे कुणी ढुंकून पाहीना.

तेलाच्या टाकीवर एकोणीस वर्षं एकच माणूस होता. मामाने रंग सांगायचा, टाकीवाल्याने माल उचलून तेलात बुडवायचा. टाकीवाला बोलायचा कमी; त्याच्या वाटचंही मामाच बोलून घेई. "शर्ट कसला पिवळा पडलाय रे तुझा, साबण महाग झाला का?" हा विनोद मामाने दोन वर्षं पुरवून वापरला.

मग मालाला तडे जाऊ लागले. ट्रॉलीच्या चारशे पिना गिऱ्हाइकाकडून परत आल्या. एक पीन भार पडताच तुटली होती आणि तिकडच्या एका कामगाराच्या पायाची तीन बोटं गेली होती. मालकांनी दोघांना समोर उभं केलं.

"मीटर नऊशे दाखवत होता," टाकीवाला म्हणाला. "एवढा तापलेला माल तेलात तडकतो. मी याला सांगितलं होतं."

मामाचा पारा चढला. "मीटर मला शिकवणार? टोमॅटो होता तो, गाजर नव्हतं. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय! यानेच टाकीत पाणी शिरू दिलं असेल, त्यानेही तडे जातात. तेल सांभाळायचं तर डोळ्यांत तेल घालावं लागतं."

टाकीवाल्याला त्याच दिवशी काढलं. पुढे मालकांनी आपोआप चालणारी नवी भट्टी आणली, मामाला पॅकिंगला बसवलं. तडे थांबले, आणि दोष टाकीवाल्याचाच होता असं सगळ्यांनी धरून टाकलं. सगळ्यांत आधी मामाने.

दीड वर्षाने मामाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. "जुना आहे, चांगला चार-पाच वर्षांचा," डॉक्टर म्हणाले. आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं.

मी शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणजे फळा पुसतो आणि मधल्या वेळात विज्ञान. एका रविवारी मामाकडे बसून वर्गासाठी ताऱ्यांच्या रंगांचा तक्ता रंगवत होतो.

"निळा तारा सगळ्यांत गरम?" मामाने विचारलं. "आणि लाल थंड? आमच्या नळावर तर उलटं आहे."

"नळ प्लंबरने बसवलाय मामा. तुझ्या भट्टीचाच हिशेब आहे हा. फक्त तुझी भट्टी गाजराच्या पुढे जात नव्हती."

मामा खूश झाला. "म्हणजे रंग बघितला की संपलं."

"नाही ना. मधे धूळ आली की ती निळा प्रकाश जास्त अडवते. मग तारा आहे त्यापेक्षा लाल दिसतो, थंड वाटतो. तो असतो तेवढाच गरम."

"मग फसगत कळते कशी?"

"त्याचा प्रकाश काचेच्या लोलकातून पसरवायचा. रंगांच्या पट्ट्यात बारीक काळ्या रेषा दिसतात. कुठल्या रेषा ठळक, त्यावरून खरं तापमान कळतं. धूळ रंग बदलते, रेषा जागच्या हलवत नाही."

मामाने डावा डोळा झाकून तक्त्यावरच्या पांढऱ्या ताऱ्याकडे पाहिलं. "पांढरा." उजवा झाकला. "पिवळा." परत डावा. "पांढरा." परत उजवा. "पिवळा."

"मामा, लुकलुकायचं काम ताऱ्यांचं आहे."

तो हसला नाही. "भट्टीच्या उजेडात रेषा असतात का रे?"

"नाही. तापलेल्या पोलादाचा नुसता सलग पट्टा."

"मीटर होता," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मला घेऊन तो मालकांकडे गेला आणि चूक आपल्या डोळ्यांची होती असं सांगितलं. मालकांनी पेनचं टोपण लावलं. "जुनं उकरू नका, पारा. दोषी माणूस काढला असं गिऱ्हाइकाला लिहून दिलंय. आता काय, आमच्याच भट्टीवाल्याचा डोळा खराब होता म्हणून लिहू?"

तिथून आम्ही टाकीवाल्याकडे गेलो. एकाही कारखान्याने त्याला उभं केलं नव्हतं. गोदामात पोती उचलता उचलता पाठ गेली होती. एका खोलीत, खिडकीखालच्या खाटेवर तो पडून होता.

"चूक माझी होती," मामा उभ्या उभ्याच म्हणाला. "मला रंग दिसत नव्हता."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"शर्टाला हसायचास तेव्हापासून. नवाकोरा पांढरा शर्ट होता तो."

मामाने खाटेची कड धरली. "मग मालकांना का नाही सांगितलंस?"

"मीटरचं सांगितलं ना. डोळ्यांचं सांगितलं असतं तर तुला काढलं असतं." टाकीवाल्याने भिंतीकडे तोंड केलं. "वाटलं होतं, तू निदान गप्प बसशील."

मामाने माझ्याकडून गिऱ्हाइकाला पत्र लिहून घेतलं. उत्तर आलेलं नाही. डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख त्याने तीनदा टाळली. "पुरावा आहे तो," म्हणतो.

"पुरावा बघायला येतंय कोण?" मामी विचारते. "परवा मिठाऐवजी धुण्याचा सोडा आणलात, तेवढा दिसला पुरावा."

दर रविवारी तो टाकीवाल्याकडे जातो. टाकीवाला बोलत नाही, आणि आता त्याच्या वाटचं मामाही बोलत नाही. मागच्या खेपेला मी सोबत होतो. खिडकीतून चांगलं ऊन येत होतं. मामाने हळूच डावा डोळा झाकला आणि नव्या डोळ्याने टाकीवाल्याच्या अंगावरचा शर्ट बराच वेळ पाहिला.

परत येताना म्हणाला, "आता खरंच पिवळा पडलाय रे."