चार आण्याचं अष्टकोनी तिकीट

ऑफिसात चहा घेत होते, तेवढ्यात एचएसआर लेआउटमधल्या, अक्काच्या शेजारच्या काकूंचा फोन आला. "अक्का गेल्या गं... दुपारी आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत."

अक्का म्हणजे माझी आत्या. बेंगळुरूत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आमच्या घरात तिला सगळे अक्काच म्हणत. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून ती निवृत्त झाली आणि मग जुन्या टपाल तिकिटांत रमली. तिचं लाडकं तिकीट होतं कंपनी सरकारच्या काळातलं, चार आण्याचं. लाल अष्टकोनी चौकटीत निळी राणी. दोन रंग, म्हणून कागद दोनदा छापायचा. "दुसऱ्या वेळी कागद उलटा ठेवला की राणी डोक्यावर उभी! तसली जगात मोजकीच उरलीत," अक्का रंगून सांगायची. तिची राणी सरळच होती. पण तेव्हा तिकिटांच्या कडांना फाडायला भोकं नसत, लोक कात्रीने कापत आणि बहुतेक जण चौकटीच्या कडेनेच अष्टकोन कापून घेत. हिचं मात्र चारी कोपऱ्यांसकट चौकोनी. म्हणून दुर्मीळ.

एका वर्षी शहरातल्या तिकिटांच्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस तिलाच, असं सगळे धरून चालले होते. आदल्या दिवशी भिंगातून पाहताना तिला कोपऱ्यावर केसासारखी रेघ दिसली. सकाळी ती थेट परीक्षकांकडे गेली. मी सोबत होते.

"माझं तिकीट स्पर्धेतून काढा. कोपरे मागाहून चिकटवलेत."

"मॅडम, कुणाच्या लक्षातही येणार नाही हो."

"माझ्या आलं ना!"

घरी येऊन तिने ते बशीभर पाण्यात सोडलं. हळूहळू चारी कोपरे सुटून तरंगू लागले... मधे उरला नुसता अष्टकोन, कुणा कारकुनाने वेडावाकडा कापलेला.

"वाईट वाटलं, अक्का?"

"वाटलं, स्वल्प." मग हसली. "पण बघ की, आता कसं मोकळं दिसतंय. ज्याने कापलं, त्याचा हातसुद्धा दिसतो."

पुढे ती पाहुण्यांना तेच आधी दाखवायची, कौतुकाने.

गेल्या रविवारी लेकीला घेऊन अक्काच्या सुन्या खोलीत बसले होते. उकडत होतं. पंख्याच्या बटणापर्यंत गेलेला माझा हात थांबला. टेबलावर तिकिटं असली की अक्का पंखा लावू देत नसे. टेबल रिकामं होतं. तरी आम्ही दोघी पदराने, वहीने वारा घेत, घामाघूम होऊन, मजेत गप्पा मारत बसलो.