प्लेअर रिकामाच होता

सहा वर्षांपूर्वी, गणपतीच्या आधीच्या रविवारी, दुपारी साडेतीनच्या सुमारास मी डोंबिवलीतल्या माझ्या घरी एका जुन्या म्युझिक प्लेअरमधली एकेचाळीस रेकॉर्डिंग्ज पुसली. त्यानंतरच्या मंगळवारी संध्याकाळी मी एका मुलीला फोनवर सांगितलं, की प्लेअर माझ्याकडे आला तेव्हा रिकामाच होता. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि ती त्या दुपारी शेजारच्याच खोलीत होती.

मंगळवारी आणखी एक गोष्ट झाली. ती या दोन्हींपेक्षा वाईट आहे. तिच्याकडे सरळ जायला हवं हे कळतं, पण इतकी वर्षं वळसा घालायची सवय लागली आहे. थोडा वेळ द्या.

मी ठाण्यात एका मराठी दैनिकात होतो. आधी बातमीदार, नंतर पुरवणी बघायचो. संध्याकाळी चालायला जाताना फोन घरी ठेवायचा असं ठरवलं होतं, कारण फोन बरोबर घेतला की ऑफिसही चालायला येतं. म्हणून गाण्यांसाठी वेगळा प्लेअर हवा होता. कल्याणला स्टेशनबाहेर बबन नावाच्या माणसाचा जुन्या वस्तूंचा ठेला होता. त्याने वायरींच्या गुंत्यातून एक प्लेअर ओढून काढला. काडेपेटीपेक्षा जरा मोठा, चार बटणं, दोन बोटांएवढा पडदा, आवाज रेकॉर्ड करायची सोय.

"साहेब, हा पीस आता दोघंच मागतात," बबन म्हणाला. "एक तुम्ही आणि एक माझे सासरे. आणि त्यांना तर ऐकूच येत नाय."

बॅटरी जुनी आहे, दुसरी आली की कळवतो, म्हणून त्याने माझा नंबर वहीत लिहून घेतला.

प्लेअर चिकट होता. बटणांच्या कडांना काळा मळ, आणि सोबतच्या इअरफोनच्या जाळीत तपकिरी काहीतरी साचून वाळलेलं. दुसऱ्याच्या अंगाच्या मळाची मला लहानपणापासून किळस आहे. इअरफोन मी चिमटीत धरून कचऱ्यात टाकले. कापसाला स्पिरिट लावून प्लेअर तीनदा पुसला, मग हात साबणाने धुतले. हे तपशिलात सांगतो आहे, कारण त्या दिवशी मला कशाची किळस आली याची नोंद व्हायला हवी. माणूस स्वच्छ आहे असं स्वतःबद्दल केव्हा समजतो? मी तेव्हा समजत होतो.

मग तो कॉम्प्युटरला जोडला. गाणी भरणं माझ्यासाठी शिस्तीचं काम होतं. गायकांप्रमाणे फोल्डर, प्रत्येक गाण्याचं नाव देवनागरीत, दोनदा आलेली गाणी काढून टाकलेली. नाट्यपदं आणि भावगीतं मी आठवडाभर निवडून ठेवली होती. ती टाकायला गेलो तर जागा अपुरी असल्याचा संदेश आला. आत आधीचं एक फोल्डर होतं. एकेचाळीस रेकॉर्डिंग्ज, नावाऐवजी नुसते क्रमांक.

मी त्यातली दोन पूर्ण ऐकली आणि तिसरं अर्धं. एक म्हातारी बाई गात होती. बसक्या आवाजात, एकाच संथ चालीत, मागे कुकरची शिट्टी, कोंबडा. मध्येच एक मुलगी म्हणते, "आजे, परत बोल ना, मगाशी रस्त्यावरशी गारी गेली, आवाज आला." म्हातारी खोकते, हसते, आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करते.

हे काय आहे ते मला कळलं नाही, असं म्हणता येईल का? नाही. मला दुसऱ्या मिनिटाला कळलं. ते धवले होते. आगरी लग्नात धवलारीण म्हणून एक जाणती बाई असते. हळद लावण्यापासून नवरीला पाटावर बसवण्यापर्यंत प्रत्येक विधीचं गाणं तिला पाठ असतं, आणि ते झाल्याशिवाय विधी पुढे सरकत नाही. ही गाणी लिहिलेली नसतात. एक बाई म्हणते, दुसरी ऐकून उचलते. मी बाळकुम, कोलशेतच्या गावांमधून बातम्या केल्या होत्या, लग्नं जेवलो होतो. त्या रेकॉर्डिंगमधली म्हातारी गावदेवीपासून सुरुवात करून एकेका शेताचं नाव घेत तिथल्या देवाला लग्नाचं आवतण देत होती. त्यातल्या दोन शेतांवर आज कोणती संकुलं उभी आहेत, हेही मला माहीत होतं.

बायकोने आतून विचारलं, "अहो, कोण गातंय?"

"जुनं काहीतरी आहे. काढतोय."

"गळा चिरका आहे, पण सूर सोडत नाही हं."

मी ती रेकॉर्डिंग्ज कॉम्प्युटरवर उतरवून ठेवायला घेतली होती. हे खरं आहे. अकरा मिनिटं लागतील असं पडद्यावर दिसलं. मी दोन मिनिटं थांबलो आणि ते रद्द केलं. चहाची वेळ झाली होती आणि मला तोवर गाणी भरून हवी होती. दुसरं कारण नव्हतं. अनेकदा शोधलं, सापडलं नाही. मग एकेचाळीसही एकदम निवडून पुसून टाकली.

मंगळवारी संध्याकाळी फोन आला. बबनने वहीतला नंबर दिला होता. मुलगी बाळकुमची होती, तिला मी प्राजक्ता म्हणतो. त्यांचं जुनं घर बिल्डरकडे गेलं होतं. भाड्याच्या खोलीत सामान हलवताना तिच्या काकांनी वायरींचा एक डबा भंगारात दिला होता. तिने आधी भंगारवाला शोधला, त्याच्याकडून कल्याण गाठलं, तिथल्या चार ठेल्यांवर विचारत बबनपर्यंत आली.

"दादा, प्लेअर तुमचाच. तो मला नको," ती म्हणाली. "त्यात माझ्या आजीची गाणी आहेत, तेवढी द्या. तुम्ही सांगाल तिथे येते पेनड्राइव्ह घेऊन."

तिने भराभर सगळं सांगितलं. आजी गावातली शेवटची धवलारीण. कॉलेजात असताना हिने दोन पावसाळे बसून तिची गाणी भरून घेतली. आदल्या थंडीत आजीला लकवा झाला आणि वाचा गेली. माघात चुलत बहिणीचं लग्न होतं, आणि त्यात आजीच्या जागी प्राजक्ता बसणार होती. निम्मी गाणी पाठ होती, निम्मी व्हायची होती. दुसरी प्रत काढायची राहून गेली होती. "मी पण येडीच," असं ती म्हणाली.

मी म्हणालो, "नाही हो. माझ्याकडे आला तेव्हा रिकामाच होता."

का म्हणालो? पुसली म्हणून सांगितलं असतं तर ती काय करणार होती? रडली असती, फार तर चिडली असती. मी अनेक वर्षं दुसऱ्यांना अडचणीचे प्रश्न विचारून पगार घेतला होता. मला उत्तरं द्यायची सवय नव्हती, एवढंच. वाक्य तोंडातून सहज आलं. आवाज सहानुभूतीचा होता. मी तिला आणखी दोन ठिकाणी चौकशी करायलाही सुचवलं.

ती म्हणाली, "रिकामा असला तरी द्याल का दोन दिवस? माझ्या मैत्रिणीचा भाऊ कॉम्प्युटरचं करतो. तो म्हणतो, पुसलेलं पण कधी कधी परत मिळतं."

मी म्हणालो, "शनिवारी बघू."

आता ती गोष्ट. पुसलेली फाइल लगेच जात नाही, हे मला तिच्या आधीपासून माहीत होतं. वर्षभरापूर्वी ऑफिसात पुरवणीची अख्खी पानं चुकून पुसली गेली होती, तेव्हा आमच्या कॉम्प्युटर विभागातल्या माणसाने ती तासाभरात परत काढून दिली. त्याने समजावलं होतं, की जोवर त्या जागेवर दुसरं काही भरलं जात नाही, तोवर जुनं खाली तसंच पडलेलं असतं. मंगळवारी संध्याकाळी माझ्या प्लेअरची निम्मीही जागा भरली नव्हती. गाणी निवडून निवडून टाकत होतो ना. म्हणजे म्हातारीचा बराचसा आवाज अजून आत होता.

फोन ठेवून मी कॉम्प्युटरसमोर बसलो आणि प्लेअर भरला. काठोकाठ. नाट्यपदं संपली तेव्हा हाताला लागेल ते टाकलं — निवडणुकीतल्या सभांची भाषणं, भाचीच्या बारशातला गोंगाट, मला न आवडणारी गाणी, तीच गाणी दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. जागा शिल्लक नाही असा संदेश आला तेव्हा थांबलो. मग सगळं पुसलं, आणि पुन्हा एकदा भरलं. खात्रीसाठी. पाऊण तास गेला. रविवारी माझ्याकडे अकरा मिनिटं नव्हती.

पहिल्या पुसण्याला आळस म्हणता येतं. फोनवरच्या खोट्याला भित्रेपणा म्हणता येईल. याला काय म्हणायचं? मी एका मुक्या बाईचा उरलेला आवाज शांत डोक्याने, क्रमाने बुजवला, का, तर एका अनोळखी मुलीसमोर आपण खोटे पडू नये म्हणून. साबणाने धुतलेले तेच हात. हे लिहितानाही मला त्यांच्याकडे बघवत नाही.

शनिवारी मी प्लेअर घेऊन ठाण्याला गेलो आणि तिच्या हातात दिला. तिसऱ्या दिवशी तिने तो परत आणून दिला. त्या मुलाला काहीच मिळालं नव्हतं. "तुमची गाणी तशीच ठेवलीत हां दादा, एक पण हलवू दिलं नाय त्याला," ती म्हणाली. वर लग्नाचं आमंत्रण दिलं. ज्यांना ज्यांना तिने फोन केले त्यातले बहुतेक तिच्यावर खेकसले होते. मी नीट बोललो होतो.

मी लग्नाला गेलो. न जाणं संशयास्पद दिसेल असं वाटलं. हळदीचे धवले तिने पूर्ण म्हटले. मागे बसलेल्या बाया प्रत्येक ओळ झेलत होत्या. मांडवाच्या गाण्यात शेतांची नावं आली तिथे ती अडली. मागची ओळ पुन्हा घेतली, पुन्हा तिथेच अडली. बाया थांबल्या. एक जण म्हणाली, "घे गो, घे, येईल." आजी प्लास्टिकच्या खुर्चीत होती. तिचा डावा हात खुर्चीच्या हातावर ठेका धरून होता, तो थांबला नाही. तिने तोंड उघडलं. एका बाजूने ओठ हलले, आवाज आला नाही. ओळ तिला येत होती. तिच्या आवाजातली ती ओळ शेवटची ऐकलेला माणूस त्या मांडवात मीच होतो, आणि मला ती आठवत नव्हती.

मग कुणीतरी पुरुष म्हणाला, "चला, भटजींना घ्या, मुहूर्त टळतोय." प्राजक्ता पाटावरून उठली. मी जेवून निघालो. मटण चांगलं होतं. मी दोनदा वाढून घेतलं.

संपादकांनी विचारलं, काल कुठे होतात. मी सांगितलं. ते म्हणाले, लिहा की मग. मी लिहिलं. लोप पावत चाललेल्या धवल्यांवर पाऊण पान, आजी आणि नातीचा फोटो, वर माझं नाव. त्यात एक वाक्य असं होतं : 'या गीतांचे ध्वनिमुद्रण करण्यात आले होते, मात्र ते गहाळ झाल्याचे समजते.' आमच्या धंद्यात अशी वाक्यं डोळे मिटून लिहिता येतात. मी उघड्या डोळ्यांनी लिहिलं, आणि मुद्रितशोधनात एक अर्धविराम दुरुस्त केला.

लेख रविवारी छापून आला. प्राजक्ताने त्याचं कात्रण लॅमिनेट करून घेतलं आणि भाड्याच्या खोलीत आजीच्या पलंगाशेजारच्या भिंतीवर लावलं. त्याचा फोटो तिने मला त्याच दुपारी पाठवला.

आजी पुढच्या श्रावणात गेली. त्यानंतर त्यांच्या घरात दोन लग्नं झाली. दोन्हींत धवले झाले नाहीत.