सोडून दिलेला मासा

मासळीबाजारात माझा रावस साफ करताना हिराबाई कोळणीच्या कोयत्याखालून एक खवला उडाला आणि थेट माझ्या चष्म्यावर येऊन बसला. मी तो बोटावर घेऊन उन्हात धरला. त्यात बारीक बारीक वलयं होती. ती बघून लेकीचे कॅनडातले म्हातारे शेजारी आठवले. त्यांचे वडील सॅमन माशांचा अभ्यास करणाऱ्या सुरुवातीच्या एका बोटीवर होते. भर समुद्रात मासा धरायचा, वय ओळखायला असा एक खवला काढून घ्यायचा, तो कुठवर जातो ते कळायला पाठीला नंबराचं बटण अडकवायचं आणि मासा परत पाण्यात सोडायचा. मग तो मासा पुन्हा जाळ्यात सापडला की कुणीतरी अनोळखी कोळी ते बटण पाकिटातून पाठवील, म्हणून वर्षानुवर्षं वाट बघायची.

हे सांगितलं तसा हिराबाईचा कोयता थांबला. "धरलेला मासा सोडला? डोकं ठिकाणावर होतं का त्यांचं?"

शेजारच्या कोळणीही खो खो हसल्या. मला मात्र ती माणसं फार आवडतात. हाती आलेलं समुद्राच्या हवाली करून निवांत बसायचं! मी तर पत्र टाकलं तरी पेटीत पुन्हा डोकावतो.

"मग? आला का एखादा परत?" हिराबाईनं विचारलं.

हसणं थांबलं. सगळ्याजणी माझ्याकडे बघत होत्या, जणू घरचंच कुणी यायचं राहिलं होतं.

"आला. तीन वर्षांनी, जन्मला त्याच नदीच्या तोंडाशी. बटणासकट."

"बाई गं!" तिनं समाधानानं कोयता उचलला. मग एकदम दचकून म्हणाली, "तेव्हा तरी खाल्ला ना?"