भगत सरांचा डावा कान

स्टाफरूममधले किस्से कोणी ठरवून जमवत नाही. डबा खाताना एक जण काहीतरी सांगतो, दुसरा त्यात भर घालतो आणि घंटा झाली की तो किस्सा टेबलावरच राहतो. दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे सुरू. समुद्रपूरच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात मी फिजिक्स शिकवतो. एवढी वर्षं आमचे किस्से पेपर तपासणीचे, एसटीचे, कॉपी बहाद्दरांचे असायचे. गेलं वर्षभर मात्र सगळे एकाच विषयाचे आहेत. मोबाईल आणि मेंदू. हसतो आम्ही, पण हसता हसता एकेकाचा हात कानाकडे जातो.

सुरुवात भगत सरांपासून झाली.

*

भगत सर मराठी शिकवतात. फोन कायम डाव्या कानाला, मान वाकडी करून खांद्यात धरलेला, कारण उजव्या हातात खडू नाहीतर पेन. माजी विद्यार्थ्यांची लग्नं, ॲडमिशनं, नवरा-बायकोची भांडणं, सगळं त्या डाव्या कानातून जायचं.

एक दिवस बारावीच्या वर्गात कवितेचा अर्थ सांगता सांगता ते मध्येच थांबले. तोंड एका बाजूला ओढलं गेलं आणि ते खाली कोसळले. झटके येत होते. प्राचार्यांच्या गाडीतून आम्ही त्यांना वर्ध्याला नेलं. एमआरआयमध्ये डाव्या बाजूला, कानाच्या वर, गाठ दिसली. ऑपरेशन नागपूरला करावं लागेल, असं सांगितलं.

तारीख मिळेपर्यंत सर कॉलेजात येत होते. एकदा त्यांनी मला व्हरांड्यात बाजूला घेतलं.

"सर, फोन मी डाव्या कानाले लावतो. गाठ डावीकडंच निघाली. मले खरं सांगा, त्याच्यानंच झालं काय?"

मी म्हटलं, "नक्की सांगता येत नाही, सर. कोणालाच येत नाही."

"तुमी फिजिक्सचे ना?"

"हो."

"मंग बाकीच्यायले काय विचारू," म्हणाले. तेवढ्यात फोन वाजला. तो उजव्या खांद्यात धरून बोलायला लागले.

*

त्या आठवड्यात सगळ्या स्टाफनं फोन कानाला लावणं सोडलं. जो तो स्पीकरवर. कोणाच्या घरी गॅस संपला, कोणाच्या मेव्हण्याचं कुठे बिनसलं, सगळ्यांना सगळं कळायला लागलं.

बायोलॉजीच्या ढोक मॅडमचा फोन टेबलावर होता. पलीकडून रोहणा गावच्या त्यांच्या सासूबाई. "काऊन वो, तुमच्या कॉलेजात दुपारून काई काम तर राह्यत नाई. निघून येत जा ना लवकर. तुमच्या त्या प्राचार्याले काय समजते?"

प्राचार्य समोरच बसले होते. मान वर न करता म्हणाले, "मावशी, समजते मले. पाचच्या आत नाई सोडत मी."

दुसऱ्या दिवशी मॅडमनी वायरचा इयरफोन आणला.

*

प्राचार्यांनी स्वतःसाठी वेगळा इलाज शोधला. फोनच्या पाठीला लावायचं एक सोनेरी स्टिकर ऑनलाईन मागवलं. रेडिएशन शोषून घेते म्हणे. मला केबिनमध्ये बोलावून विचारलं, "तपासून पाहा बरं."

स्टिकर लावून फोन केला. रेंज जशीच्या तशी, रिंग खणखणीत. मग मी त्यांच्या डब्यातली पराठ्याची फॉईल घेतली, आणखी दोन पदर घालून फोन नीट गुंडाळला आणि पुन्हा लावला. लागला नाही. मी सांगितलं, "लहरी अडल्या म्हणजे फोनच बंद. फोन चालू ठेवून त्या अडवता येत नाहीत."

त्यांनी स्टिकर खरवडून काढलं. फोन मात्र फॉईलसकट खिशात ठेवला. दुपारी वर्ध्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांच्या ऑफिसातून माणूस गाडी घेऊन आला. साहेब सकाळपासून फोन लावून राह्यले, एकही लागला नाही.

त्याला चहा पाजून पाठवल्यावर प्राचार्य मला म्हणाले, "सर, पण आज सकाळपासून डोकं एकदम हलकं होतं. म्हणजे फरक पडतेच."

*

वायफायचा राऊटर स्टाफरूममध्ये होता. ढोक मॅडमनी तो हलवायला लावला. मी म्हटलं, त्याची ताकद फोनपेक्षाही कमी. त्या म्हणाल्या, "सर, मेंदूच्या पेशी म्हणजे विटा नाहीत. त्या आपसांत विजेनंच बोलतात. बाहेरून त्यांच्या बोलण्यात कोणी तोंड घालत असेल तर? काही प्रयोगांत उंदरांच्या पेशींत फरक दिसला म्हणतात, काहींत नाही दिसला. नाही दिसला म्हणजे नाहीच, असं तुम्ही लिहून द्याल?"

मी कशाला लिहून देतो?

राऊटर ऑफिसात गेला. क्लार्कनं तो लायब्ररीत ढकलला, लायब्ररीतून तो प्रयोगशाळेच्या मागच्या अडगळीच्या खोलीत पोचला. मग हॉलतिकिटं डाउनलोड करायचा शेवटचा दिवस आला. नेट कुठेच येईना. मी अडगळीत गेलो तर सगळा स्टाफ तुटक्या बाकांवर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेला. राऊटरला अगदी खेटून ढोक मॅडम. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "दरवाजा लावा सर, रेंज बाहेर जाते."

*

हा किस्सा मी स्टाफरूममध्ये सांगत नाही.

बारावीला लहरी शिकवत होतो. एक्स-रेमध्ये पेशीतले बंध तोडण्याइतकी ऊर्जा असते, मोबाईलच्या लहरींत नसते, त्या फार तर किंचित उष्णता देतात, असं फळ्यावर आकृती काढून समजावलं. केळझरची एक मुलगी पहिल्या बाकावर बसते. भगत सर पडले तेव्हा त्यांचं डोकं तिनंच मांडीवर घेतलं होतं. तिनं हात वर केला.

"सर, मंग भगत सरले काऊन झालं?"

मी फळ्याकडे वळलो आणि आणखी एक लहर काढली. ती आधीच्याच लहरीसारखी होती. मुलांनी ती वहीत उतरवून घेतली.

*

ऑपरेशनला नागपूरला भगत वहिनींबरोबर ढोक मॅडम आणि मी गेलो. गाठ बोलण्याच्या जागेला चिकटून होती. म्हणून डॉक्टर सरांना शुद्धीवर ठेवून ऑपरेशन करणार होते. डॉक्टर मेंदूच्या एकेका जागेला हलकी वीज लावणार, तेव्हाच एक जण समोर चित्रं धरणार, सरांनी नावं सांगायची. शब्द चुकला की ती जागा बोलण्याची समजायची आणि तिथे हात लावायचा नाही.

आत जाताना सरांनी माझा हात धरला. "गाठ थोडी राह्यली तरी चालते, सर. शब्द गेले तर मी पोरायले शिकवू काय?"

आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. वहिनींच्या पर्समध्ये सरांचा फोन सारखा थरथरत होता. त्या पर्स मांडीवरून खाली ठेवायच्या, पुन्हा वर घ्यायच्या. "बंद करू काय, भाऊजी?" मी म्हटलं, "राहू द्या." ढोक मॅडम उठून खिडकीपर्यंत जात होत्या, परत येत होत्या.

दुपार कलताना डॉक्टर बाहेर आले. गाठ निघाली म्हणाले. वहिनी तिथेच खाली बसल्या. डॉक्टर त्यांच्याजवळ वाकले.

"तुमच्या मिस्टरांनी आज आम्हाला घाम फोडला. गाय, छत्री, सायकल, सगळं बरोबर सांगत होते. मोबाईलचं चित्र आलं तर म्हणाले, 'आरोपी.' मी हात थांबवला. पुन्हा चित्र दाखवलं. पुन्हा 'आरोपी.' मला वाटलं, शब्द गेला, तो भाग आता तसाच सोडावा लागणार. तर हेच कापडाआडून विचारतात, 'काऊन थांबले डॉक्टरसाहेब? पुरावा सापडला काय?'"