अप्पांनी कामाबद्दल विचारलं

आज सकाळी मी, अप्पा आणि माझा धाकटा भाऊ सचिन भालकीहून धरणावर गेलो होतो.

सचिन गोव्यात काईट सर्फिंग शिकवतो. पायाखाली फळी, कमरेला दोऱ्यांनी अडकवलेला मोठा पतंग, आणि वाऱ्याच्या ओढीनं पाण्यावरून धावायचं. कारखान्यातली नोकरी सोडून तो तिकडं गेला, तेव्हापासून अप्पांनी त्याच्या कामाबद्दल एक शब्द काढला नव्हता. आजही ते माझ्या आग्रहाखातर आले.

वारा चांगला होता. सचिनच्या दोन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीत मध्येच वारा पडला. पतंग पाण्यात कोसळला, पाठोपाठ सचिनही.

"पोरगं बुडायलंय की गं!" अप्पा चपलांसकट गुडघाभर पाण्यात शिरले. त्यांना पोहता येत नाही. मी त्यांचा हात धरला.

"जॅकेट हाय त्याला, अप्पा. तरंगायलाय तो."

अर्ध्या तासानं एका मासेमार अण्णांनी त्याला नावेतून काठावर आणलं.

मला वाटलं, आता अप्पा त्याला हे काम सोडून घरी ये म्हणणार. पण त्यांनी ओला पतंग एका बाजूनं उचलून धरला.

"वारं पडल्यावर काय करायचं असतंय?"

"पतंग सोडायचा न्हाई. त्यात हवा असती, त्यालाच धरून ऱ्हायचं."

"आन् नाव न्हाई आली तर?"

सचिन सांगू लागला. परतताना मी गाडी चालवत होते. भालकी येईपर्यंत मागच्या सीटवर दोघांचं बोलणं चालू होतं.

तुमच्या कामाबद्दल घरच्यांनी पहिला प्रश्न कधी विचारला?